तिसरी ब

चिठ्ठी आठ महिने पाकिटात होती,
लाँड्रीच्या पावतीमागे.
हॉस्पिटलातून सुटताना वॉर्डबॉयने दिलेली:
मंगळवार, सात वाजता, म्युनिसिपल शाळा, माझगाव.
पुढे काही नाही. कोण, कशाला, काहीच नाही.
त्याला वाटलं असेल, मला कळेल.
मला कळलं होतं. म्हणून तर आठ महिने.

मग तीन मंगळवार मी शाळेसमोरून गेलो.
समोरून जायला कुणाची परवानगी लागत नाही.
चौथ्या मंगळवारी पानवाल्याकडे थांबलो,
बडीशेपची पुडी घेतली, सवयीने,
त्या दिवशी तोंडाला वास नव्हता तरी.
म्हटलं, इथे मीटिंग असते ना, सोसायटीची?
तो पानाला चुना लावत होता. वर न बघता म्हणाला,
दारूवाल्यांची ना? दुसरा मजला, शेवटचा वर्ग.
आणि चपला बाहेर काढू नका, शेठ.
जातात.

तिसरी ब.
बाक आठ वर्षांच्या मुलांचे.
गुडघे कुठे ठेवायचे कळेना.
तिथे कुणालाच कळत नव्हतं,
सगळे आपापले गुडघे धरून बसलेले.
फळ्यावर खडूने: पट ४१, हजर ३६.
वर सुविचार, कुणाच्या तरी बाहीने पुसलेला,
‘नेहमी खरे’
इतकाच उरलेला.

एक बाई किटलीतून चहा देत होत्या.
माझा कप अर्धाच भरला.
मनात म्हटलं, पहिल्याच दिवशी कंजुषी.
मग शेजारच्याने त्याचा कप उचलला,
दोन्ही हातांनी, पाटावरून गणपती उचलावा तसा,
आणि चहा काठापर्यंत आला,
परत गेला,
पुन्हा आला.
सांडला नाही.
मी माझा उचललाच नाही.
हात मांडीखाली दाबून ठेवले
साय धरेपर्यंत.

बर्नार्ड बोलला. बायकोच्या वर्षाच्या मिसेला
तो चर्चच्या मागच्या भिंतीशी उभा होता, क्वार्टर घेऊन,
आत तिचं नाव वाचलं ते त्याला ऐकू आलं.
नसरीन बोलली, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीबद्दल,
सासू रोज विचारायची, खोकला कसा आहे.
मग तुळशीदास नावाचा एक रंगारी उठला,
नखांत पिवळा डिस्टेंपर.
म्हणाला, काल मजुरी मिळाली, साडेआठशे,
आणि पैसे घरापर्यंत आले.
खाली बसला.
लोकांनी टाळ्या वाजवल्या.
एकतीस वर्षं मी गोदीत हिशेब लिहिले,
लाखांचे, कोटींचे,
साडेआठशे रुपयांना टाळ्या पडलेल्या
कधी पाहिल्या नव्हत्या.

मग सगळे माझ्याकडे बघू लागले,
म्हणजे बघत नव्हते, पण थांबले होते.
बापाने नाव ठेवलं प्रभंजन.
बारमध्ये मी साहेब. घरी ‘अहो’,
शेवटी शेवटी घरी काहीच नाही.
ते नाव मी त्या वर्गात मोठ्याने म्हटलं
आणि मलाच ते दुसऱ्या कुणाचं वाटलं,
हजेरीत चुकून पुकारलेल्या मुलासारखं.
बाटली लपवायच्या सगळ्या जागा
मी सांगायच्या ठरवल्या होत्या:
गीझरच्या मागे, कालिंदीच्या पैठणीच्या घडीत,
मुलाच्या तबल्याच्या गवसणीत.
तोंडातून आलं एवढंच,
तबला त्याने सोडला.

का, असं कुणी विचारलं नाही.
पंखा खटखट करत होता.
चहा मी गार झाल्यावर प्यायलो, एका घोटात,
ज्या पद्धतीने मला पिता येतं.

निघताना बाक सरळ लावायचे असतात,
सकाळी मुलं येतात.
फळ्याला हात लावायचा नाही.
जिन्यात किटलीवाल्या बाई म्हणाल्या, पुढच्या मंगळवारी?
मी म्हटलं, बघू.
‘बघू’वाले येतात, त्या म्हणाल्या,
‘नक्की’वाले येत नाहीत.

खाली पानवाल्याने विचारलं,
झाली सोसायटीची मीटिंग?
झाली.
काय विषय होता?
गळती, म्हटलं.
तो हसला, बडीशेप पुढे केली.
मघाची पुडी खिशात
अजून तशीच होती.