कलम सात

करार मीच टाइप केला.
चार पानं, वर राजमुद्रा,
शेजारी कंपनीचं चिन्ह, जरा मोठं आलेलं.
कुसराम मॅडमनी ते दोनदा लहान करायला लावलं.

कलम सात : सदर भागीदारी ऐच्छिक असून
उभय पक्षांवर कोणतेही बंधन राहणार नाही.
पूर्णविराम देताना लाइट गेली.
इन्व्हर्टर कुरकुरला. वाक्य वाचलं.

सत्कारासाठी लटारी येरगुड्यांना बोलावलं होतं.
एकतीस वर्षं तीन नंबरच्या खाणीत माइनिंग सरदार,
गॅस तपासणारा माणूस.
इस्त्रीच्या सदऱ्यावर टॉवेल,
पिशवीत पितळेचा दिवा,
रिटायर होताना जमा न केलेला.

"वास नाही त्याले, रंग नाही," ते मला सांगत होते
मंडपामागे, चहाच्या पिंपाजवळ.
"हलका असते. छताशी जाऊन बसते.
दिवा वर नेला का ज्योतीवर निळी टोपी चढते.
टोपी येवढी झाली"
(अर्धं नख दाखवलं)
"का वीज बंद, माणसं बाहेर."

आणि पंख्यानं बाहेर फेकलेला गॅस?
त्यांनी हनुवटी उचलली :
पऱ्हाटीवरून, शाळेवरून, निर्गुडेच्या कोरड्या पात्रावरून
वर.
"आमी माणसं वाचवली, बाप्पा.
आभायाचं काम आमच्याकडे नोतं."

खाण बंद होऊन नऊ वर्षं झाली.
तोंडावर काँक्रीटचं झाकण,
फटीपाशी गवत उगवत नाही.
पोट्टे आगपेटी घेऊन जातात,
भप्प करून निळं होतं, पळत सुटतात.
खुशाल ठाकऱ्याची डावी भुवई तिथेच राहिली.
आता तिथे पाइप बसणार, मीटर बसणार,
शाळेची खिचडी त्यावर शिजणार,
निधी मिळेल तशी.

सह्या झाल्या. दोघांनी एकाच पेनानं केल्या,
पेन कंपनीचं.
मग शाल, नारळ, आणि दोन शब्द बोला म्हणाले.

येरगुड्यांनी दिवा काढून टेबलावर ठेवला, करारावरच.
"नेम होता. पन खाली अंधारात पाहाले कोन येते?
टोपी मीच पाहो, आकडा मीच लिहो.
खरा लिहला का पाळी बुडे,
बोनस जाये, लोकं माह्या घरी येऊन भांडत.
तरी लिहो.
बस, येवढंच."
आणि दिवा पिशवीत घालून खाली उतरले,
नारळ विसरले.

संध्याकाळी फाइलला दोरी बांधताना दिसलं :
कलम सातमध्ये बंधनावरचा अनुस्वार सुटलाय.
बधन राहणार नाही.
मॅडमना विचारलं, दुरुस्त करू?
त्या गाडीत बसत होत्या.
"बघ बाई, तुझी इच्छा."

कागदावर काळं गोल डाग होतं, दिव्याच्या बुडाचं.
ते तसंच ठेवलं.
पेन उघडून एक टिंब दिलं,
बारीक, निळं.