रोप क्रमांक तीन

एकतीस वर्षं, मंगळवारी आणि शुक्रवारी,
मी कोबी खाल्ला
तुर्भ्याच्या रंगाच्या कारखान्यात, खाचे पाडलेल्या स्टीलच्या ताटात :
पातळ, पिवळाजर्द, वर तरंगणारी एखादी मोहरी.
आमच्या धुण्याच्या टाकीतल्या पाण्याला साधारण तोच रंग.
शेवटच्या दिवशी त्यांनी शाल दिली, नारळ दिला.
मनात म्हटलं, कोबीतून तरी सुटलो.

आणि ऑक्टोबरात सुनेत्राने वाशीहून
अकरा रोपं आणली,
ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून.

सानपाड्याला तळमजला. मागे साडेतीन फुटांची पट्टी,
भिंत आणि गटार यांच्यामधली.
खणायला घेतलं तर माती कुठली, सगळा भराव :
फरशीचे तुकडे, गंजका बोल्ट, कपाचा कान,
आणि शिंपले. मूठमूठभर शिंपले.
भिंतीपलीकडून धाकलीबाय बघत होती.
"आथं आमचा भात व्हायचा," ती म्हणाली.
"कोबी कवा कोनी लावला?"
दुसऱ्या दिवशी तिनेच शेणखताचं पोतं आणून टाकलं,
पैशांचं नाव काढू दिलं नाही.
हे साडेतीन फूट तिच्या नेमक्या कुठल्या खाचरातले
ते मी विचारलं नाही.

डिसेंबर आला. थंडी खाडीच्या पलीकडेच थांबली.
पानं मात्र पसरली, निळसर, मेणचट,
पाणी टाकलं की पारा होऊन घरंगळायचं.
गड्डा काही धरेना.
भर दुपारी दार सताड उघडं टाकून
कोणी झोपावं, तशी सगळी रोपं.

रात्री अळ्या.
जेवण झालं की मी टॉर्च घेऊन उकिडवा.
पहिल्या रात्री चाळीस. वहीत लिहिलं,
कारखान्यातली सवय जात नाही :
तारीख, रोप क्रमांक, अळ्या, शेरा.
चार : गेलं. सात : गोगलगाय. नऊ : मांजर बसलं.
आणि अळीचा हिरवा असा तंतोतंत पानाचा
की जन्मभर छटा जुळवलेल्या माझ्या डोळ्यांनाही
ती हलल्याशिवाय दिसू नये.
कौतुक वाटलं.
तरी साबणाच्या पाण्यात टाकल्या.

जानेवारीत तीन रात्री गार वारा सुटला
आणि तीन नंबरने मधोमध मूठ वळली.
फक्त तीनने.
मी रोज चाचपून बघायचो.
"आंबा आहे का तो? हात लावू नका," सुनेत्रा.

फेब्रुवारीतला रविवार. वजन सातशे ऐंशी ग्रॅम.
खर्च वहीत मांडला आणि पान उलटलं.
विळीवर तिने त्याचे उभे दोन भाग केले :
पांढरं, पिवळट, पुन्हा पांढरं,
पानाने पानाला धरून ठेवलेलं, जिथे उजेड कधी पोचलाच नव्हता.
आमच्या छटांच्या कार्डावर हा रंग नव्हता.

भानोलं केलं. बारीक चिरलेला कोबी, बेसन, आलं, मिरची, ओलं खोबरं.
"पाणी घालायचं नाही," ती म्हणाली,
"मीठ लागलं की तो आपलं आपण सोडतो."
जाड तव्यात, झाकण ठेवून, खालून खरपूस होईतो.
उलटताना एक कोपरा तुटला, तो तिने खाल्ला.

एक चौकोन भिंतीवरून गेला.
धाकलीबायने उभ्याउभ्या संपवला, बोटं चाटली, म्हणाली,
"यात सोडे पायजे व्हते."

दांडा सुनेत्रा टाकणार होती.
मी घेतला, मीठ लावला, ओट्याशी उभ्यानेच खाल्ला.
कचकचीत. गोडसर, मागून जरासा झणका.
हा आमच्या ताटात कधी आला नाही.
एकतीस वर्षं, आठवड्यातून दोनदा,
भटारखान्याच्या मागच्या दाराशी
कोणीतरी हा असाच, मीठ लावून खात असणार.
त्याचं नाव मला माहीत नाही.