बारा व्होल्ट

चौतीस वर्षं खांबावर चढलो मी.
जांबोटी सेक्शन, पार कणकुंबीपर्यंतची लाईन,
पावसाळ्यात कुठलंतरी झाड तारेवर आडवं व्हायचं
आणि अंधारातून लोक विचारायचे,
नागोजी, करंट कवा येतोय?

आता फणसाखाली गाडी उभी आहे,
रिटायरमेंटच्या पैशातली, करंटवरच चालणारी.
करंट आहे तिच्यात, ठासून भरलाय.
फोनवर दिसतंय, चौऱ्याण्णव टक्के.
फक्त दार उघडत नाही.

हेल्पलाईनची बाई म्हणाली, कन्नडसाठी एक, हिंदीसाठी दोन.
एक दाबला.
हुबळीचा पोरगा गोड बोलला, नाळे बर्तीवि सर.
कोल्हापूरला लावला. ते म्हणाले,
केए बावीस काय? मग तुमचं इकडं बसत नाही,
तरी साहेबांना विचारून उद्या सांगतो.
नाळे म्हणजे उद्या.
उद्या म्हणजे नाळे.
एवढ्या बाबतीत दोन्ही राज्यांत वाद नाही.

पुण्याहून लेक म्हणाली, बाबा, घाबरू नका,
इथं ॲपवर दिसतंय, गाडी विश्रांती घेतेय.

घेऊ दे. चौथा दिवस होता.

किल्लीच्या पोटातली किल्ली काढून बॉनेट उचललं.
आत नारिंगी केबल, मनगटाएवढी,
तिच्यावर विजेचा बाण आणि तीन भाषांत नको.
अकरा हजारांच्या लाईनखाली भाकरी खाल्लेला माणूस मी,
ह्या साडेतीनशेपुढं हात मागं बांधून उभा.

कोपऱ्यात एक काळा डबा, लहान, साधा, बारा व्होल्टचा.
मीटर टेकवला. चार पॉइंट दोन.
एवढंच होतं.
हत्ती धडधाकट, माहूत गेलेला.

तिठ्यावरचा बस्त्याव आला, ट्रॅक्टर आणि पंप बघणारा.
काय करूलालायसा काका, म्हणत वाकला,
बोटानं माप घेतलं.
हा साइज खानापुरात नाही, बेळगावातनं मागवायचा,
आठ दिवस धरा.
दुसरी कुठली लावली तर वॉरंटी जाईल, मी म्हणालो.
जाऊ दे की, जाऊन जाऊन जाणार कुठं,
सातनंतर बस तरी आहे काय?

मग त्यालाच आठवलं,
यल्लूबाईच्या नाचणीला सोलरचं कुंपण आहे.
गव्यांसाठी. झटक्याचं.
त्याच्या पेटीत बारा व्होल्ट.

यल्लूबाईनं स्वतःच पान्यानं नट सोडले.
कुंपणाचा टिक टिक आवाज थांबला
तेव्हा कळलं की तो इतके दिवस कानात होता.
घेऊन जा म्हणाली,
पण रात्री गवे आले तर मी तुला उठवायला येणार नाही.
तूच यायचास.

वायरी जोडल्या. डॅशबोर्ड उजळला,
चारही दारांनी खट् केलं,
बस्त्यावनं उगाचच हॉर्न वाजवला दोनदा.

तेव्हापासून रात्री गाडी बांधावर असते,
तोंड नाचणीकडं, हेडलाईट चालू.
इंजिन नाही, म्हणून आवाज नाही,
किड्यांचा आहे तेवढाच.
काल दीडच्या सुमाराला ते आले.
आधी डोळे, हिरवट, मग पांढरे पायमोजे,
मग मधला सगळा डोंगर.
एक वासरू प्रकाशात येऊन थांबलं,
नाक वर करून गाडीचा वास घेतला.
डिझेल नाही, घाम नाही.
त्याला काही उलगडा होईना.
मलाही चार दिवस झाला नव्हता.
आई खाकरल्यासारखी बोलली आणि ते वळलं.

यल्लूबाई मागच्या सीटवर होती, पाय वर घेऊन,
काळ्या चहाचा तांब्या मांडीत.
बॅटरी माझी आहे, तर मी बसणार म्हणून आलेली.
गवे पलीकडच्या जंगलात शिरेपर्यंत बोलली नाही.
मग म्हणाली, खुर्ची गरम होते म्हणतात ती कुठली?

सकाळी सहाला चौऱ्याऐंशी टक्के.

नऊला हुबळीचा फोन.
सर, माणूस निघतोय, आज नक्की.
मी यल्लूबाईकडं बघितलं. ती विळ्याला धार लावत होती.
सांग त्या पोराला, म्हणाली,
एवढी घाई कशाला करतोय,
नाचणी कापून होऊ दे.