घडी

मार्चमधल्या मंगळवारी निकाल आला.
एकशे सत्तावीस विजय रद्द,
चार वर्षं खेळबंदी, साठ लाख डॉलर दंड,
आणि छताला टांगलेले नऊ झेंडे
शुक्रवारच्या आत उतरवावेत.
शेवटचं कलम माझ्यासाठी होतं.
शिडीची किल्ली माझ्याकडे असते.

मी रेनो कांगास. हॅल्वर कॉलेजच्या आइस हॉकी रिंकवर
एकतीस हिवाळे बर्फाची गाडी चालवली.
दोन सत्रांच्या मध्ये गरम पाण्याचा पातळ पदर सोडत जायचं:
स्केटचे ओरखडे, थुंकी, कधी कुणाच्या ओठाचं रक्त,
सगळं खाली गोठतं, वर आरसा.
पुसणं मला कुणी शिकवायला नको.

झेंडे हलके निघाले.
वरच्या शिवणीत धूळ, मेलेले पतंग,
एकात चिमणीचं घरटं: काड्या आणि बुटाची नाडी.
खाली नवा व्यवस्थापक यादीवर खुणा करत होता.
म्हणाला, नीट घडी घाला, सुरकुती पडेल.
पडली तर काय, मी विचारलं.
तो यादीकडे बघत राहिला.

गाव चिडलंय.
बेकरीत मार्लिस म्हणते, पोरांनी काय केलं होतं?
घाम तर त्यांचा खरा होता.
न्हाव्याच्या भिंतीवर २००३ ची अंतिम लढत
अजून फ्रेममध्ये आहे, चार-एक.
आणि समोरच्या संघाचा गोलकीपर, आता दातांचा डॉक्टर,
वर्तमानपत्राला म्हणाला:
चार गोल मी अजूनही खाल्लेलेच आहेत.
मला कुणी काही परत दिलेलं नाही.

झाकली मूठ सव्वा लाखाची.
इथे ती बावीस वर्षं झाकून होती,
प्रशिक्षक हॅस्केलची बोटं, डीनची, विश्वस्तांची,
आणि एक करंगळी माझी.

सांगतो.
जानेवारी शहाण्णव. बाहेर उणे तीस.
रात्री साडेदहाला टीम डॉक्टरच्या दाराखाली उजेडाची पट्टी,
आणि आत कुणीतरी आकडे मोजत होतं, पुटपुटत,
एकोणीस, वीस, एकवीस,
जसं आपण टाके घालताना मोजतो.
पहिल्या वर्षाचा पोरगा असावा.
मी बादली घेऊन उभा राहिलो. चाळीसपर्यंत.
मग जाऊन गाडी सुरू केली.
ती फार मोठा आवाज करते.

सकाळी हॅस्केलच्या कानावर घातलं. एवढं केलं.
तो म्हणाला, रेनो, बर्फ यंदा झकास झालाय.
त्या नाताळला मला जॅकेट मिळालं, कॉलेजच्या रंगाचं,
आतून लोकर.
अजून घालतो. थंडी असते.

चौकशी समितीने मला बोलावलं नाही.
त्यांच्या दोनशे बारा पानांत बर्फाची गाडी
एकदाच येते, विम्याच्या खर्चात.

गुरुवारी एक माणूस आला, चाळिशीचा, एकटा.
काचेपाशी उभा राहून उघडं छत बघत होता.
मी म्हणालो, उतरवले ते बरं झालं.
तो म्हणाला, अठ्ठ्याण्णवच्या झेंड्यात माझाही एक गोल होता.
डाव्या कोपऱ्यातून, पडता पडता मारलेला.
तेवढा उसवून ठेवता आला असता तर.

मला म्हणायचं होतं, चाळीसपर्यंत मी होतो.
म्हणालो, गारठलात, माझं जॅकेट देऊ?
त्याने रंग पाहिला.
नको, म्हणाला.

मग विचारलं, बर्फ आहे?
होता. सामने नसले तरी कॉम्प्रेसर बंद करता येत नाही,
पाइप फुटतात.
साध्या बुटांनीच तो आत उतरला,
मधल्या वर्तुळापर्यंत गेला,
थोडा थांबला, आला,
दार ढकलून निघून गेला.
मागे बुटांच्या चिखलाची वाकडी रांग.

रोजच्या नोंदवहीत त्या रात्री मी लिहिलं:
गाडी ठीक.
चालवली नाही.