अळणी

दोन महिने मी अळणी पेज जेवले.
मिठाने पाय सुजतात, कुणीतरी सांगून गेलं
आणि सासूने मिठाचं मडकं
माझा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवलं.
दाराबाहेर आगरवाड्याचा चैत्र,
पांढऱ्याशुभ्र ढिगांवर झावळं घालत होती
आमचीच माणसं.

उलट्या थांबेनात.
सातव्यात कुठे असतात उलट्या, म्हणून हसलेही सगळे.
मी पाणी पीत राहिले, तांब्यामागून तांब्या.
जीभ कोरडीच.

रात्री पोटरीत गोळा यायचा,
गळाला मोठी मासळी लागावी तशी ओढ.
तुळशीदास उठून पायाचा अंगठा वर वाकवायचा,
चोळता चोळता झोपून जायचा
माझी टाच हातात धरून.
ओठांभोवती मुंग्या.
छातीत मधेच एक ठोका गळायचा,
अंधारात पायरी चुकावी तसा.
कुणाला सांगू? बाळंतपणाच्या आधी
सगळ्याच बायकांना काही ना काही होतं.

मग शब्द जायला लागले.
पहिलं गेलं ते कोपऱ्यातलं,
ज्याने रोज मीठ ओढतात ते, लाकडी.
मी बोट दाखवून म्हटलं, "ती फणी... मोठी फणी."
रेशमा खो खो हसली.
"आणि तू कोण गं?" मी विचारलं
तेव्हा नाही हसली.

म्हापशाच्या इस्पितळात
सिस्टर अर्मिंडाने कागद उजेडात धरला.
सोडियम एकशे एकवीस.
"घरात काय काम करतात?"
"मीठ," सासू म्हणाली,
आणि पदराने तोंड झाकलं.

सावकाश भरायचं, डॉक्टर म्हणाले,
घाईने मेंदूला इजा होते.
सासरे मान हलवत राहिले. त्यांना कुणी शिकवायला नको होतं.
भरतीला मानशीचं दार
सताड उघडत नाहीत;
बोटभर उचलायचं, शापोऱ्याचं पाणी आत घ्यायचं, थांबायचं.

थेंब पडत होते.
पहाटे पोटातल्याने कूस बदलली.
तोही खारट पाण्यातच आहे, सिस्टर म्हणाली,
समुद्राइतकं खारट नाही, पण आहे.

सकाळी सासूने ओट्यातून पुडी काढली.
खडेमीठ. आमच्याच वाफ्यातलं.
"हे इथे नाही चालायचं, मावशी."
लॉकरवर ती दुपारपर्यंत पाझरत राहिली,
पत्र्यावर ओला डाग हळूहळू पसरला.
मी बघत होते.

"दंताळं!" मी मोठ्याने म्हटलं.
शेजारच्या खाटेवरची बाई दचकून उठली.