दहा किलोच्या खाली

सावद्याच्या बायपासला, साठ टनी वजनकाट्यावर
माझी रातपाळी. केळीच्या गाड्या कानपूरकडे निघतात,
मी खिडकीतून हात काढून चिठ्ठी देतो
आणि मधल्या वेळात मोबाइल पावतीपुस्तकाला टेकवून
परदेशातल्या एका इमारतीच्या बाविसाव्या मजल्यावरचं
खडीचं खोकं पाहतो.

खोक्यात बहिरी ससाण्याची मादी.
शहराचं नाव मला नीट उच्चारता येत नाही.
तिकडे दुपार, तेव्हा इकडे रात्रीचे दोन.
एप्रिलात तिच्या पाठीवर बर्फ पडत होता,
माझ्या केबिनीत कूलर तीच गरम हवा
या भिंतीकडून त्या भिंतीकडे नेऊन ठेवत होता.
ती हलली नाही. फक्त डोळे मिटले,
खालून वर.
पाखराची पापणी खालून चढते
हे मला चाळिसाव्या वर्षी कळलं.

चार अंडी, विटेच्या भुकटीत लोळवल्यासारखी.
एकेक पन्नास ग्रॅमचं असेल.
माझा काटा दहा किलोच्या खाली काही मानत नाही.
माणूस चढला तर आकडा हलतो,
मांजर चढलं तर नाही.
म्हणजे ती, तिचा नर, चारी अंडी, नर आणतो ते कबूतर,
सगळा संसार आणून लोखंडी पाट्यावर मांडला
तरी माझ्याकडे शून्यच.

हिलालदादा, पिंपळनेरचा, गाडी लावून डोकावतो.
"काय देखी राह्यना रे भाऊ?"
"ससाणा."
"काय करस तो?"
"बसतो."
"आन् तू?"
"मीपण."
पुढच्या खेपेला चिठ्ठी घ्यायच्या आधीच विचारलं,
"फुटनात का?"

तीन फुटली. चौथं तसंच.

जगातला सगळ्यात वेगवान जीव म्हणे हा,
सूर मारला की तासाला तीनशे किलोमीटर.
मी दोन महिन्यांत तो सूर एकदाही पाहिला नाही.
ती चौकटीतून जाते, चौकटीत येते,
मधलं सगळं हद्दीबाहेर.
येते तेव्हा पंज्यात कबूतर असतं
आणि चोचीला चिकटलेलं बारीक पीस,
ते मात्र बराच वेळ निघत नाही.

बहिरी म्हणतात तिला, पण आवाज मीच बंद ठेवलेला.
एकदा चालू केला तर वारा,
आणि खाली कुठेतरी मागे येणाऱ्या गाडीचं पीं पीं.
मी उठून बाहेर पाहिलं.
काट्यावर कुणी नव्हतं.

मेमधल्या एका रात्री ती पिल्लांवर पंख पसरून
अशी बसली, अशी बसली,
की मी तीन गाड्या तोलल्या, चहा झाला,
मनात म्हटलं, काय माया.
हिलालदादाने चष्मा कपाळावर चढवला.
"वरलं घड्याळ देख भाऊ. थांबेल शे."
रेंज गेली होती. पावणेदोन तास
मी अडकलेल्या चित्राला जपत होतो.
पुन्हा सुरू झालं तेव्हा ती तिथे नव्हतीच,
पिल्लं उघडी, एकमेकांच्या माना ओढत, मजेत.

जूनमध्ये एक गेलं, मग दुसरं.
तिसरं कठड्यापर्यंत जाऊन
तीन दिवस मागे फिरत राहिलं.
ते उडालं तेव्हा मी भांडत होतो.
सुपडू म्हणत होता, चाळीस किलो कमी भरलं,
मी म्हणत होतो, काटा खोटं बोलत नाही.
परत खिडकीशी आलो तर नुसतं खोकं.

गाडी आधी रिकामी तोलायची, मग भरलेली,
वजाबाकी म्हणजे माल.
इथे माझं उलटं झालं.
आता खडी, पिसं, कुणाच्या तरी पाळीव कबुतराच्या
पायातली ॲल्युमिनियमची कडी,
आणि चौथं अंडं, वाऱ्याने जरासं सरकलेलं.
कॅमेरा सुरूच आहे. घड्याळ चालतंय.

"उडी ग्यात?"
"गेली."
"मंग आते काय देखस?"
मी मोबाइल त्याच्याकडे वळवला,
खाली आकडा होता: अकरा जण पाहत आहेत.
त्याने तो नीट वाचला, मग मला विचारलं,
"तुले धरीसन, का सोडीसन?"
तेवढ्यात मागच्या गाडीने हॉर्न दिला.