साडेनऊ

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळी चालू ठेवा,
आणि रोज सकाळी दहा श्वास मोजा. नुसते मोजा.
मी म्हटलं, मोजायचंच तर खातो, बाई.
उद्यमनगरात, लेथवर, सव्वीस वर्षं.

पण श्वास मायक्रोमीटरच्या जबड्यात बसत नाही.
पहिल्या दिवशी चौथ्यालाच
हुपरीच्या बहिणीचा दावा आला,
पाठोपाठ तिचा वकील,
मग वकिलाची नवी गाडी,
आणि कुकरची शिट्टी झाली तेव्हा
त्या गाडीत बसून मी कागल ओलांडलं होतं.

मग बोटांवर धरले.
उजवा अंगठा, एक. आत गार, बाहेर कोमट.
उजवा हात संपला, डावा सुरू.
सहा. सात. आठ. नऊ.
दहावी करंगळी. ती अर्धीच आहे.

रात्रपाळी होती.
शिरोलीच्या फौंड्रीतनं आलेलं कास्टिंग चकात फिरत होतं
आणि मी सकाळच्या भांडणात
राहून गेलेलं एक उत्तर जुळवत होतो.
चांगलं जुळलं होतं. अजून पाठ आहे.
बाबालाल उस्ताद त्याच आठवड्यात बोलला होता,
"डोळं फसत्यात, गड्या. कानानं बघ.
हत्यार आधी कुरकुरतंय, मग चावतंय."

आता दहावा श्वास त्या पेरापाशी येतो
आणि पुढं बोट नसतं.
थंडीत तिथं अजून ठणकतं,
जिथं काहीच नाही तिथं.
तेवढ्या जागेत मी थांबतो.
यादवनगरातला दूधवाला किटली आपटतो,
वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची ओढतं,
चहाला आलं जास्त झालंय.
मी इथं आहे.
फार वेळ नाही. बहीण येतेच परत.

काल सत्पाल, नवा पोरगा,
एका कानात गाणं घालून मशिनवर उभा होता.
मी काही बोललो नाही.
त्याच्यासमोर डावा हात नुसता धरला.
त्यानं बघितलं, वायर काढून खिशात कोंबली.
पुन्हा घालेल. मीही घातली असती.

सुट्टी झाल्यावर नळाखाली
साबणात लाकडाचा भुसा कालवून हात चोळतो.
ऑइल आधी काळं, मग करडं होतं,
नखांच्या कडेनं तसंच राहतं.
एकेक बोट घेतो. घाई मागं रांगेत उभी असते,
मानसिंग ओरडतो, "अंघोळ करतोस काय रं?"
नऊ.
मग ते गुळगुळीत टोक,
पाणी त्याच्यावरनं जरा वेगळं घसरतं.
साडेनऊ.

परत अंगठा.